मध्य म्हणजे निम्मे नव्हे

'अति तेथे माती' ही म्हण आपल्याकडे घरोघरी आहे. मूल जास्त खाऊ लागले की आजी ती म्हणते. पाऊस उघडायचे नाव घेत नाही तेव्हा शेतकरीही तीच म्हणतो. म्हण खरी आहे, पण ती अर्धीच गोष्ट सांगते. अति नको, हे कळले. मग किती हवे? ते कोणत्या मापाने मोजायचे? यावर म्हण गप्प आहे.

आमच्या महाविद्यालयात एकदा प्राचीन चीनचा तास चालू होता. कन्फ्यूशियस या चिनी आचार्याने मध्यम मार्ग शिकवला, एवढे सांगून मी फळ्याकडे वळलो. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, आमच्या शेजाऱ्यानं आमचा दोन हात बांध कोरलाय. मध्यम मार्ग म्हणजे आम्ही एक हात सोडून द्यायचा, असंच ना?" वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. पोराचा प्रश्न लाख मोलाचा होता, आणि माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. घंटा झाली, मुले गेली, प्रश्न राहिला. त्या उत्तराच्या शोधात जे वाचले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

कन्फ्यूशियसचा जन्म इ. स. पूर्व ५५१ मधला आणि मृत्यू ४७९ मधला. त्याचे चिनी नाव कुंग. आजच्या शांतुंग प्रांतात चूफू नावाचे गाव आहे, ती त्या वेळच्या 'लू' या छोट्या राज्याची राजधानी. चीनमध्ये नावाला एक सम्राट होता, पण त्याला कोणी विचारत नव्हते. लहानमोठी राज्ये एकमेकांवर चालून जात होती आणि राज्याराज्यांत राजापेक्षा सरदारच शिरजोर झाले होते. लू राज्यात तीन सरदार घराण्यांनी सत्ता वाटून घेतली होती; त्यांतले 'ची' घराणे सगळ्यांत बलाढ्य. ज्याला जेवढे ओरबाडता येईल तेवढे त्याने ओरबाडावे, असा तो काळ. अशा काळात एक शिक्षक उभा राहतो आणि 'माप सांभाळा' म्हणतो.

त्याच्याविषयी एक जुनी कथा आहे. श्युन नावाच्या पुढच्या काळातल्या आचार्याच्या ग्रंथात ती आली आहे. लू राज्याच्या एका पूर्वजाच्या देवळात कन्फ्यूशियसने एक चमत्कारिक भांडे पाहिले. ते रिकामे असताना कलते. त्याने शिष्यांकडून त्यात पाणी ओतवले. बेताचे पाणी पडताच भांडे सरळ उभे राहिले. काठोकाठ भरताच ते उलटे झाले आणि सगळे पाणी सांडले. जाणत्याने आपली अक्कल मिरवू नये, बलवानाने जपून वागावे, श्रीमंताने नम्र राहावे, असा बोध त्याने त्यावरून शिष्यांना केला, असे कथा सांगते.

शिक्षक बंधुभगिनींनो, यात जादू काही नाही. हे भांडे दोन बाजूंच्या खुंट्यांवर झुलते ठेवलेले असते. रिकामे असताना त्याचा भार एका अंगाला असतो, म्हणून ते कलते. थोडे पाणी पडले की भार खुंट्यांच्या खाली जातो आणि भांडे सावरते. पाणी खुंट्यांच्या बरेच वर चढले की वरचा भार जड होतो आणि भांडे कोलमडते. पत्र्याचा डबा आणि दोन खिळे घेऊन मुलांकडून हा प्रयोग करवून घेता येईल. त्यात एक गोष्ट जरूर दाखवा. भांडे सरळ उभे राहते ते नेमके निम्मे भरल्यावरच, असे नाही. खुंट्या कुठे बसवल्या आहेत आणि भांड्याचा आकार कसा आहे, त्यावर ते ठरते. प्रत्येक भांड्याचा मध्य वेगळा.

कन्फ्यूशियसच्या या विचाराला चिनी भाषेत 'चुंग-युंग' म्हणतात. 'चुंग' म्हणजे मध्य. पण तेच अक्षर थोड्या वेगळ्या स्वरात उच्चारले की त्याचा अर्थ होतो 'नेमके लागणे', बाण निशाणावर लागतो तसे. 'युंग' म्हणजे नेहमीचे, रोजच्या वापरातले. दोन्ही मिळून अर्थ काय झाला? रोजच्या साध्या वागण्यात नेम साधणे. 'चुंग-युंग' याच नावाचा एक छोटा ग्रंथ आहे. तो कन्फ्यूशियसचा नातू त्झू-स्सु याने रचला, असे परंपरा मानते. त्यात धनुर्विद्येचा दाखला आहे. नेम चुकला तर चांगला तिरंदाज निशाणाला दोष देत नाही, आपला हात कुठे हलला ते पाहतो, अशा आशयाचा. त्याच ग्रंथात असेही सांगितले आहे की राग, लोभ, दुःख, आनंद हे मनात उठणारच. ते उठावेत, पण ज्या त्या प्रसंगाच्या मापाने उठावेत.

'मध्यम मार्ग' म्हटल्यावर आपल्याला साहजिकच भगवान बुद्ध आठवतात. तोही काळ बराचसा जवळचा. पण बुद्धांचा मध्यम मार्ग सुखोपभोग आणि देहदंड ही दोन टोके सोडून दुःखमुक्तीकडे जातो. कन्फ्यूशियसला चिंता होती ती घराची, दरबाराची, गुरुशिष्यांची, शेतसाऱ्याची. दोघांचे शब्द जवळ आले, तरी वाटा निराळ्या.

आता हे माप कन्फ्यूशियस प्रत्यक्षात कसे वापरीत असे ते पाहू. त्याचे दोन शिष्य होते, त्झूलू आणि जान च्यू. दोघांनी वेगवेगळ्या वेळी त्याला एकच प्रश्न विचारला : चांगली गोष्ट कानी पडली की ती लगेच अमलात आणावी काय? त्झूलूला त्याने सांगितले, घरी वडील आहेत, थोरले भाऊ आहेत, त्यांना विचारल्यावाचून कसे करतोस? जान च्यूला सांगितले, लगेच कर. तिसरा एक शिष्य हे ऐकत होता. तो चक्रावला. गुरुजींचे खरे उत्तर कोणते? कन्फ्यूशियसने खुलासा केला : त्झूलू दोन माणसांइतका धडाडीचा आहे, म्हणून त्याला मागे ओढले, जान च्यू मागे मागे राहतो, म्हणून त्याला पुढे ढकलले.

वर्गात शिकवणाऱ्याला हे चटकन पटेल. एकाच वर्गात एक मुलगा प्रश्न पुरा होण्याआधीच हात वर करतो, दुसरा उत्तर येत असूनही मान खाली घालून बसतो. दोघांना एकच उपदेश केला तर एकाचे तरी नुकसान होते. मध्य एकच, पण एकाला तिथे जाण्यासाठी थांबावे लागते, दुसऱ्याला धावावे लागते.

या जान च्यूची पुढची हकीकत मोठी बोधप्रद आहे. हा माणूस हुशार होता, कारभारात वाकबगार होता, आणि स्वभावाने मवाळ. पुढे तो त्या बलाढ्य 'ची' घराण्याचा कारभारी झाला. ते घराणे आधीच गडगंज. तरी जान च्यूने त्यांच्यासाठी आणखी वसुली केली. शेतकऱ्यांवरचा धान्याचा सारा त्याने दुप्पट केला, असे पुढे मेन्शियसच्या ग्रंथात म्हटले आहे. तो काही क्रूर नव्हता. धन्याला 'नाही' म्हणण्याचे बळ त्याच्यात नव्हते, एवढेच. हे कळल्यावर मध्यम मार्गाच्या या आचार्याने काय केले असेल? समजूत घातली? 'निम्मा सारा कमी कर' म्हणून तडजोड सुचवली? छे! हा माझा शिष्यच नव्हे, असे त्याने जाहीर केले आणि इतर शिष्यांना सांगितले की खुशाल नगारे वाजवून याच्यावर चालून जा.

पाहा, हाच तो मापाचा उपदेश करणारा कन्फ्यूशियस. रयतेच्या तोंडचे धान्य काढून भरलेल्या कणगीत ओतले जात असताना शांत राहणे त्याला समतोल वाटले नाही. त्या प्रसंगाचे माप संतापाचेच होते. मवाळपणा आणि समतोल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे जान च्यूच्या उदाहरणावरून कळते. मवाळ माणूस ज्याचे वजन जास्त त्याच्या बाजूला कलतो. तागडीच ती, वजन घालणारा तेवढा दुसरा.

अशाच आणखी एका माणसावर कन्फ्यूशियसचा रोष होता, आणि तो माणूस तुमच्या-माझ्या गावात हमखास भेटेल. गावात ज्याला सगळे चांगला म्हणतात असा गृहस्थ. पाटलाकडे गेला की पाटलाचे बरोबर, कुळाकडे गेला की कुळाचे बरोबर. कुणाशी वाकडे नाही, कुणासाठी उभाही राहणार नाही. कन्फ्यूशियसने अशा माणसाला सद्गुणाचा चोर ठरवले. चोर का? तर तो सद्गुणासारखा दिसतो, म्हणून. शेतात पिकासारखे दिसणारे तण उघड्या तणापेक्षा जास्त घातक. निंदणाऱ्या बाईचा हातही तिथे फसतो. हा गृहस्थ मध्यावर उभा आहे असे वाटते, पण त्याने काहीच तोललेले नसते.

कन्फ्यूशियसनंतर शंभराहून अधिक वर्षांनी मेन्शियस झाला. मध्य म्हणजे काय, हे त्याने अधिक स्पष्ट केले. त्याच्या काळी दोन मते जोरात होती. यांग चू याचे मत असे सांगितले जाई की जगाचे भले होत असले तरी आपला एक केसही उपटून देऊ नये. उलट मो त्झू हा जगासाठी डोक्यापासून टाचेपर्यंत झिजायला तयार. तिसरा एक होता, तो दोघांच्या बरोबर मधोमध उभा राहिला. तुम्ही म्हणाल, हाच शहाणा. मेन्शियस म्हणाला, हा जरा जवळ आला खरा. पण तोलून न पाहता मध्य धरून बसणे म्हणजे तेही एक टोकच धरून बसणे झाले. 'तोलणे' यासाठी त्याने जो चिनी शब्द वापरला, 'छ्युआन', त्याचा मूळ अर्थ तागडीचे वजन. माल बदलला की वजन बदलावे लागते. ज्वारी तोलायची आणि सोने तोलायचे, दोन्हींना एकच धोंडा लावून चालेल काय?

त्याचा दुसरा दाखला याहून सोपा आहे. त्या काळी स्त्रीपुरुषांनी हाताला हात लावून वस्तू देऊ-घेऊ नये असा शिष्टाचार होता. कोणीतरी मेन्शियसला पेचात धरले : भावजय पाण्यात बुडते आहे, मग हात द्यायचा की नाही? मेन्शियसने सांगितले की जो हात देणार नाही तो माणूस नव्हे, लांडगा. शिष्टाचार नेहमीचा, पण अशा वेळी तोलून पाहायचे असते.

आणि शेतसाऱ्याचे उदाहरण तर तुम्हांला फार जवळचे वाटेल. पै क्वेइ नावाच्या एका गृहस्थाने मेन्शियसला विचारले, सारा उत्पन्नाच्या विसाव्या हिश्शावर आणला तर कसे? चांगल्या राजांचा सारा दहावा हिस्सा, अशी तेव्हाची समजूत. निम्मा सारा म्हटल्यावर कोणीही टाळ्याच वाजवील. मेन्शियसने मात्र उलट विचारले, दहा हजार घरांच्या राज्यात एकच कुंभार असला तर चालेल? भांडी पुरणार नाहीत, असे उत्तर आले. मग त्याने समजावले की उत्तरेकडच्या रानटी टोळ्यांना विसावा हिस्सा पुरतो. त्यांना शहरे नाहीत, देवळे नाहीत, कारभारी नाहीत. आपल्याला ते सारे हवे, तर त्याचा खर्चही हवा. दहाव्या हिश्शाहून जास्त घेणारा जुलमी. आणि फार कमी घेणाराही राज्य मोडणारा. तेव्हा समतोल म्हणजे नेहमी 'कमी' असेही नाही. कन्फ्यूशियसने आपल्या दोन शिष्यांची तुलना करताना हेच सुचवले होते : एक मापापुढे जातो, दुसरा मापाला पोचत नाही, चूक दोघांची सारखीच.

या सगळ्या विचाराची कसोटी लागली ती कन्फ्यूशियसच्या उतारवयात. येन हुई हा त्याचा सर्वांत लाडका शिष्य. गरीब, विद्येचा भुकेला, गुणी. तो गुरूच्या आधी गेला. कन्फ्यूशियस ओक्साबोक्शी रडला. बरोबरचे शिष्य भांबावले. गुरुजी, आपण मर्यादा सोडून रडता आहात, असे म्हणाले. कन्फ्यूशियसने विचारले, मी मर्यादा सोडली काय? या माणसासाठी नाही सोडायची तर कोणासाठी?

आता त्याच मृत्यूची दुसरी बाजू ऐका. येन हुईच्या वडिलांनी विनंती केली की मुलाच्या शवपेटीला बाहेरची दुसरी मोठी पेटी करायची आहे, त्यासाठी आपला रथ द्यावा. कन्फ्यूशियसने नकार दिला. माझा स्वतःचा मुलगा गेला तेव्हा त्यालाही बाहेरची पेटी नव्हती, असे त्याने सांगितले. शिष्यांनी थाटाचा अंत्यविधी करायचे ठरवले, तेही त्याने नको म्हटले. त्यांनी ऐकले नाही, तेव्हा त्याला वाईट वाटले.

मला वाटते, सगळ्या ग्रंथांपेक्षा ही एक हकीकत जास्त शिकवते. अश्रूंना त्याने मोजमाप लावले नाही, कारण दुःख खरे होते. खर्चाला मात्र लावले, कारण थाटाने दुःख वाढत नाही, कर्ज तेवढे वाढते. आपल्याकडे पुष्कळदा उलटे घडते. दुःख आवरते घेतो आणि लोक काय म्हणतील म्हणून जेवणावळीचा आकडा वाढवतो. तेराव्याचे कर्ज फेडताना मागे राहिलेल्यांचे कंबरडे मोडते.

असो. एवढा चांगला विचार, मग चीनमध्ये त्याचे पुढे काय झाले? बाराव्या शतकात चू शी नावाचा मोठा पंडित झाला (११३०–१२००). त्याने 'चुंग-युंग' आणि आणखी तीन ग्रंथ मिळून 'चार ग्रंथ' असा अभ्यासक्रम बांधला. १३१३ मध्ये बादशाही हुकमाने हे ग्रंथ सरकारी परीक्षांना लागले आणि १९०५ मध्ये त्या परीक्षा बंद होईपर्यंत चिनी मुलांनी ते तोंडपाठ केले. पाठांतर झाले, तोलणे विसरले. बीजिंगच्या राजवाड्यात एका दालनाचे नावच 'मध्य आणि मेळ' असे आहे. मध्य सोडू नये असा उपदेश करणारी अक्षरे तिथे सिंहासनाच्या वर लावलेली आहेत. त्या अक्षरांखाली बसणाऱ्या बादशहांच्या राज्यात रयत उपाशी मरत होती तेव्हा तिलाच सांगितले जाई, संयम धरा, मर्यादा पाळा. वरच्याने खालच्याला मध्यम मार्ग शिकवायचा आणि आपण भांडे काठोकाठ भरायचे! १९१२ मध्ये ते भांडे उलटले. बादशाही संपली.

मग तरुण पिढी चिडली, यात नवल नाही. लू शुन हा आधुनिक चीनचा थोर लेखक (१८८१–१९३६). १९२७ मध्ये हाँगकाँगला दिलेल्या व्याख्यानात त्याने आपल्या देशबांधवांच्या तडजोडीच्या सवयीवर बोट ठेवले. खोलीत अंधार आहे, एक खिडकी पाडू या म्हटले तर कोणी कबूल होत नाही. छप्परच उडवू म्हटले की मग लोक तडजोडीला येतात आणि खिडकीला तयार होतात, अशा आशयाचे त्याचे बोलणे होते. टीका बोचरी आहे, पण तिने खरी जखम दाखवली. जिथे सगळे निम्म्यावर तुटते, तिथे खिडकी मागण्यासाठी छप्पर मागावे लागते. मध्याची पूजा करणारा समाज माणसांना टोकाकडे ढकलतो.

आणि ती टोकेही आली. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत लाल रक्षक चूफूला पोचले. त्यांनी कन्फ्यूशियसच्या थडग्याची मोडतोड केली, जुने शिलालेख फोडले. १९७४ मध्ये देशभर कन्फ्यूशियसविरुद्ध मोहीम चालली आणि मध्यम मार्ग हा प्रतिगामी विचार ठरवला गेला. पुढे वारा फिरला. १९९४ मध्ये चूफूचे मंदिर, थडगे आणि वाडा यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. एका माणसाला आधी देव केले, मग शत्रू, मग पुन्हा पूज्य. मापाचा उपदेश करणाऱ्याच्या वाट्याला मापच तेवढे आले नाही!

आता त्या मुलाचा प्रश्न. दोन हात बांध कोरला आहे; एक हात सोडायचा का? तो आज समोर असता तर मी त्याला म्हटले असते : बाळ, मध्य तुमच्या भांडणाच्या मधोमध नाही. तो हद्दीच्या दगडापाशी आहे. दोन हात गेले असतील तर मोजणी मागवून दोन हातच परत घ्या. एक हातावर समाधान मानलेस तर तू जान च्यू झालास. संतापाच्या भरात तिसरा हात घेतलास, किंवा बांधासाठी कुणाचे डोके फोडलेस, तर भांडे काठाबाहेर गेले. आणि मोजणीत दगड तुमच्याच बाजूला सरकलेला निघाला, तर तेही कबूल करायची तयारी ठेव. नेम चुकला तर आधी आपला हात तपासायचा असतो.

मित्रहो, तागडी घरोघरी आहे. वजने मात्र दर वेळी नव्याने घालावी लागतात, आणि ती घालताना आपलाच अंगठा पारड्यावर नाही ना, एवढे पाहावे लागते.